काढलं कुणी, तपासलं कुणी

आमच्या ऑफिसात एक पद्धत आहे. कुणाचंही ड्रॉइंग बाहेर जाण्याआधी त्याची प्रिंट दुसऱ्या कुणाच्या तरी टेबलावर जाते. त्यानं पिवळा हायलायटर आणि लाल पेन घेऊन बसायचं. जी रेघ बरोबर, तिच्यावरून पिवळा फिरवायचा. जिथं चूक, तिथं लाल मारायचं. नुसतं वरवर बघून "ठीक आहे" म्हणायचं नाही. प्रत्येक रेघ, प्रत्येक आकडा पिवळा झाला पाहिजे. मग ड्रॉइंगच्या कोपऱ्यात दोन छोटे चौकोन असतात, ते भरायचे. एकात काढणाऱ्याची आद्याक्षरं, दुसऱ्यात तपासणाऱ्याची.

ज्या माणसावर आपण जळतो त्याच्या कामावर पिवळा फिरवत बसायला लागणं, यासारखी शिक्षा नाही. मी ती पुरी एक सकाळ भोगली आहे.

जळते, असा शब्द मी मुद्दाम वापरते. "थोडं वाईट वाटलं" वगैरे म्हणणारी माणसं मला आवडत नाहीत. मी जळत होते, आणि मला तसं वाटायला कारण होतं.

माझं गाव गडहिंग्लजच्या पलीकडं. घरी म्हशी, थोडा ऊस. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली, आणि हे मी मिरवते. का मिरवू नये? मेकॅनिकलला पोरी कमी, त्यात गावाकडच्या आणखी कमी. डिग्री हातात आली तेव्हा वडिलांनी तिचा कागद ट्रंकेत न ठेवता बैठकीच्या भिंतीवर लावला, कॅलेंडरच्या खिळ्याला. कॅलेंडर खाली उतरवलं.

नोकरी लागली ती कोल्हापुरातल्या या ऑफिसात. इथं आम्ही बिल्डिंगांच्या आतले पाइप काढतो. कॉम्प्युटरवर सगळी इमारत आधी उभी करायची, भिंती, जिने, छतं, आणि मग तिच्या पोटातून पाण्याचे, सांडपाण्याचे पाइप फिरवायचे. इमारती सगळ्या परदेशातल्या. पहिल्याच कामात प्रत्येक बाथरूममध्ये संडासाशेजारी आणखी एक बुटकं भांडं होतं. ते कशासाठी, हे मी शेजारच्या पोराला विचारलं, त्यानं सांगितलं, बसून धुवायला, आणि दोघंही दिवसभर एकमेकांकडं न बघता बसलो.

वडील गावात सांगायचे, "पोरगी परदेशातल्या बिल्डिंगा बांधती." आई मात्र तशी फसणारी नव्हे. दर सुट्टीला विचारायची.

"आता कुठली चाललीया?"

मी देशाचं नाव सांगायची.

"बघून आलीस?"

"न्हाय गं, हितनंच करायचं असतंय."

"मग बांधली का न्हाय, कशावरनं कळतंय?"

आईनं आयुष्यभर पहाटे उठून दूध काढलं, डोक्यावरनं किटली दूध संस्थेत नेली. तिला काम म्हणजे हाताला लागणारी, डोळ्याला दिसणारी गोष्ट. माझी एकही इमारत तिनं पाहिली नव्हती. मीही नव्हती. एकदा तरी एखादी बिल्डिंग तिच्यापुढं उभी करून "ही मी काढली" म्हणायचं, हे माझ्या डोक्यात घट्ट बसलं होतं.

आता माझ्या हातातल्या कलेबद्दल सांगते. रायझर. शाळेत शरीरातल्या रक्तवाहिन्यांचा तक्ता असायचा ना, लाल-निळ्या रेघांचा, तसा इमारतीचा तक्ता म्हणजे रायझर. आडव्या रेघा म्हणजे मजले. उभ्या रेघा म्हणजे खालून वर जाणारे, वरून खाली येणारे पाइप. कुठल्या मजल्यावर कुठला पाइप कुणाला फुटतो, त्यावर व्हॉल्व्ह कुठं, जाडी किती, सगळं एका कागदावर. याला माप नसतं. खरा पाइप बारा वळणं घेत गेला असला तरी रायझरवर तो सरळ. वाचणाऱ्याला एका नजरेत समजलं पाहिजे, एवढाच नियम.

सॉफ्टवेअर इमारत चहूबाजूंनी फिरवून दाखवतं, पण रायझर ते आपणहून काढून देत नाही. तिथं माणूस लागतो. मॉडेल एका स्क्रीनवर उघडं ठेवायचं आणि दुसऱ्या स्क्रीनवर एकेक रेघ ओढायची. कुठली रेघ डावीकडं, कुठली उजवीकडं, दोन रेघा एकमेकींना छेदू नयेत म्हणून कुणाला कुठं बसवायचं, हे ठरवायला मला फार आवडायचं. लग्नाच्या पंगतीत भांडकुदळ पावणे लांब लांब बसवतात, तसं. माझ्या शीटवर सगळी अक्षरं एका ओळीत, सगळे व्हॉल्व्ह एका उंचीवर. ऑफिसात कुणी अडलं की आमचे सर आतून ओरडायचे, "रायझर हाय न्हवं? मग ताईकडं द्या की!"

परदेशातल्या एका साहेबानं मीटिंगमध्ये माझ्या शीटला सुंदर म्हटलं होतं. हा शब्द त्यानं पाइपांच्या ड्रॉइंगला वापरला होता, माझ्या देखत. मी ते शीट खोलीवर नेऊन भिंतीला लावलं. वडिलांची पोरगी.

मग ती आली.

ती कोल्हापूरचीच, ताराबाई पार्कातली. माझ्यापेक्षा बरीच लहान. वडील इंजिनिअर, आजोबा इंजिनिअर. पहिल्याच आठवड्यात डबा खाताना सहज म्हणाली, "आमच्याकडं जेवणाच्या टेबलावरच नकाशे पसरलेले असायचे. आई ओरडायची, आमटी सांडेल म्हणून." सगळे हसले. मीही हसले. मनात म्हटलं, आमच्याकडं जेवणाचं टेबलच नव्हतं बाई.

ती गर्विष्ठ असती तर बरं झालं असतं. तिरस्कार करायला सोपं गेलं असतं. पण तिनं मला पहिल्या दिवसापासून ताई म्हटलं, घरचं भडंग डबा भरून आणलं, आणि माझ्या खुर्चीमागं उभी राहून म्हणाली, "ताई, हे तुम्ही सगळं हातानं करता? केवढा पेशन्स हो तुमचा!"

पेशन्स. म्हणजे कौतुक म्हणायचं की काय म्हणायचं?

थोड्याच दिवसांत कळलं. तिनं एक स्क्रिप्ट लिहिलं. म्हणजे सॉफ्टवेअरला आपण जी क्लिकं तासन् तास करतो, ती त्यालाच एकापाठोपाठ करायला लावणारा छोटा प्रोग्रॅम. तिचं स्क्रिप्ट मॉडेलमध्ये शिरायचं, कुठल्या मजल्यावर किती नळ, किती बेसिनं, किती संडास हे शोधायचं, आणि त्यावरून रायझर मांडायचं. माझ्या दोन दिवसांचं काम चहा गार व्हायच्या आत. सगळे तिच्या स्क्रीनभोवती गोळा झाले. रेघा भराभर उमटत होत्या, कुणी न दिसणारा माणूस काढत असल्यासारख्या.

"ताई, बघा की!" तिनं हाक मारली.

"हितनं दिसतंय," मी म्हटलं.

दिसत नव्हतं. माझ्यापुढं चार पाठी होत्या.

त्यानंतर "ताईकडं द्या" हे वाक्य ऑफिसातून गेलं. कुणी ठरवून काढलं नाही, पण गेलं. सर म्हणायचे, "बटण दाबून घ्या जरा." मी तिच्या शीटमध्ये चुका शोधायची. अक्षरं कुठं एकमेकांवर चढलीत का, दोन रेघा छेदल्यात का. सापडायच्या बारीकसारीक. मी दाखवायची. ती म्हणायची, "थँक्यू ताई!" आणि दुसऱ्या दिवशी ती चूक स्क्रिप्टमधून कायमची गेलेली असायची. म्हणजे मी तिचंच हत्यार धार लावून देत होते. हे ध्यानात आल्यावर मी दाखवायची बंद झाले.

आणि अशात कोल्हापुरातलंच काम आलं. शहरात एक नवं हॉस्पिटल होणार होतं आणि त्याचे पाइप आमच्याकडं. आमच्या ऑफिसचं आपल्या मातीतलं हे पहिलं काम. सरांनी पेढे वाटले. माझ्या हातात पेढा होता आणि डोक्यात आई. ही बिल्डिंग ती एसटीनं येऊन बघू शकत होती.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. "सर, हॉस्पिटलचा रायझर मला द्या."

सर खुर्चीत मागं रेलले. "अगं, तिला सांगून झालंय. बटणाचं काम हाय, तू कशाला राबतीस? तू चेक कर. तुझी नजर लागती."

"मला काढायचाय सर."

"काढलं काय, तपासलं काय, पगार तोच न्हवं?" आणि हसले. सर वाईट माणूस नाही. पण कोल्हापुरात मन दुखावलं हे समजायला आधी कुणीतरी ओरडावं लागतं, आणि मी ओरडले नाही. बाहेर आले.

तर ती सकाळ. दुपारी हॉस्पिटलवाले येणार होते. माझ्या टेबलावर तिचा रायझर, मोठ्या कागदावर, अजून प्रिंटरची ऊब असलेला. मी हायलायटरचं टोपण काढलं आणि तळघरापासून सुरुवात केली. पंप बरोबर. पिवळा. पंपातून वर जाणारा पाण्याचा पाइप, बाण वरच्या दिशेला. पिवळा. तळमजला, ओपीडीची बेसिनं, मोजून बघितली, बरोबर. पिवळा. वर वॉर्ड, ऑपरेशन थिएटर. पिवळा, पिवळा. अक्षरं आता एका ओळीत होती, व्हॉल्व्ह एका उंचीवर. माझ्यासारखेच. माझ्याकडूनच शिकलेले. निम्मा कागद हळदीच्या नवरीसारखा झाला आणि लाल पेनाचं टोपणसुद्धा निघालं नव्हतं.

खरंच सांगते, देवाकडं मागितलं. एक चूक दे.

तेवढ्यात खिडकीबाहेर पाणी पडायला लागलं. पाऊस नव्हे. आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरची टाकी भरून वाहत होती. वॉचमन मोटर लावून चहाला जातो, हे रोजचंच. खालच्या मजल्यावरच्या झेरॉक्सवाल्यानं नेहमीसारखा गळा काढला, "अहो मोटर बंद करा की! गिऱ्हाइकाच्या डोक्यावर पडतंय!"

"बादली लावा!" वरनं कुणीतरी.

मी हसले, आणि पुन्हा कागदावर मान घातली. शेवटचा मजला पिवळा केला. त्याच्या वर गच्चीची रेघ असते, म्हणून हात आपसूक वर गेला. तिथं काहीच नव्हतं. कोरा कागद.

गच्ची नव्हती. टाकी नव्हती.

परदेशात पाणी तळघरातला पंप ढकलतो आणि ते सरळ नळापर्यंत चढतं. आम्ही वर्षानुवर्षं तेच काढत आलो. आपल्याकडं पाणी येतं त्याच्या वेळेला. ते जमिनीखाली साठवायचं, मोटरनं गच्चीवर चढवायचं आणि मग गच्चीवरून सगळीकडं उतरवायचं. कोल्हापुरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तिच्या स्क्रिप्टला ठाऊक नव्हतं. ते नळ असलेले मजले शोधत होतं. गच्चीवर नळ नाही, तर त्याच्या लेखी गच्चीच नाही. आर्किटेक्टच्या मॉडेलमध्ये दोन भल्यामोठ्या टाक्या डोक्यावर बसल्या होत्या आणि त्यांना आमचा एकही पाइप जोडलेला नव्हता. पाण्याचे सगळे बाण उलटे. वरून खाली यायला हवेत ते खालून वर निघालेले, आणि ते सगळे मी स्वतःच्या हातानं पिवळे करून बसले होते.

मी लाल पेन उघडलं. असा आनंद मला डिग्री मिळाल्यावरही झाला नव्हता. पिवळ्यावरून लाल, एकेक बाण, सावकाश. गच्चीच्या जागी एवढी मोठी टाकी काढली लाल रंगात, आणि तिच्यात पाणी दाखवणाऱ्या लाटासुद्धा काढल्या. लाटांची गरज नव्हती.

आणि मी तो कागद तिच्याकडं नेला नाही. सरांकडंही केबिनमध्ये नेला नाही. सर बाहेर सगळ्यांमध्ये उभे होते, तिथं नेला. मधल्या टेबलावर पसरला.

"सर, हॉस्पिटलमध्ये पाणी कुठनं येणार?"

सरांनी बघितलं. मग डोक्याला हात लावला. "आयला! टाकीच न्हाय!" आणि तिच्याकडं वळून, "काय गं, कोल्हापुरात ऱ्हातीस न्हवं? घरावर टाकी हाय का न्हाय तुमच्या?"

हशा पिकला. मी तिच्या तोंडाकडं बघत होते. रडेल, लाल होईल, काहीतरी सारवासारव करेल. मी थांबले होते त्यासाठी.

ती सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसली. "अय्यो! सर, आहे हो, आज सकाळी ओव्हरफ्लो झाली म्हणून बाबा ओरडत होते!" आणि मला मिठी मारली. "ताई, वाचवलंत. दुपारी नाक कापलं गेलं असतं आपलं."

आपलं म्हणाली. माझं निम्मं सुख तिथंच गेलं.

उरलेलं जेवणाआधी गेलं. तिनं डबा बाजूला सारून स्क्रिप्टमध्ये दुरुस्ती केली आणि एक नवा प्रश्न टाकला, "गच्चीवर टाकी आहे का?" हो म्हटलं की बाण खाली, नाही म्हटलं की वर. नवी प्रिंट निघाली. गच्चीवर टाकी, टाकीतून उतरणारे पाइप, सगळं जागच्या जागी. मी पुन्हा बसले, आणि या वेळी तळघरापासून गच्चीपर्यंत सगळं पिवळं झालं. दुपारी हॉस्पिटलवाल्यांनी मान डोलावली. सरांनी तिची ओळख करून दिली, "ही आमची रायझर एक्स्पर्ट." माझ्याकडं बघून, "आणि ह्या चेकर."

कोपऱ्यातल्या चौकोनात तिची अक्षरं. शेजारच्या चौकोनात माझी. चेकरची अक्षरं कोण वाचतं?

हॉस्पिटल उभं राहिलं. आई त्यानंतर डोळे दाखवायला कोल्हापूरला आली, आणि सीबीएस स्टँडवरून मी तिला थेट ऑफिसात आणलं. शनिवार होता, अर्धा दिवस. मी तिला एकटीलाच ती बिल्डिंग दाखवायची असं ठरवलं होतं. काय बोलायचं तेही ठरवलं होतं. "ह्याचं काम आमच्याकडं होतं," असं मोघम. खोटं नाही, आणि पुरं खरंही नाही. पण ताराबाई पार्कातली बाई तयारच. "ताई, आई आल्यात? चला, मी गाडीनं सोडते. जाता जाता हॉस्पिटल बघू." आणि आईच्या पाया पडली. पोरीला वळण होतं, तेवढं कबूल करायलाच हवं.

गाडी रस्त्याच्या कडेला थांबली. हॉस्पिटल पुढं, काचा चमकत होत्या, गच्चीवर दोन टाक्या.

"ही बघा काकू," तीच बोलली. "ह्यातले पाइप आमच्या ऑफिसनं काढलेत."

आईनं पदर कपाळावर ओढून, डोळे बारीक करून वरपर्यंत बघितलं. "बांधलीया की खरंच," म्हणाली. मग मला, "ह्यातलं तुझं काय?"

मी मोघम वाक्य काढायच्या आत ती पुढच्या सीटवरून वळून सरळ सांगायला लागली, "नकाशा मी काढला होता काकू, आणि ताईंनी तपासला. माझी मोठी चूक पकडली हो त्यांनी. त्या नसत्या तर ह्या टाक्या नुसत्या शोभेला राहिल्या असत्या."

मला वाटलं, संपलं. ही बिल्डिंग कुणाची, ते आता आईला कळलं. आता घरी जाऊन सांगेल, गोड पोरगी हाय गं ती, केवढी बिल्डिंग काढली.

आईनं माझ्याकडं जरा निराळ्या नजरेनं बघितलं. दूध संस्थेत ती आयुष्यभर किटली घेऊन ओळीत उभी राहिली. दूध काढणारे पुष्कळ, सगळे ओळीत. दुधाचा फॅट तपासणारा एकटा, टेबलापलीकडं, खुर्चीत. त्यानं मान हलवली तर दूध आत, नाहीतर किटली परत घरी. आमच्या गावात त्याला सगळे अहोजाहो करतात.

"म्हंजे," आई तिला म्हणाली, "तू काढून आणायचंस, आणि हिनं व्हय म्हटलं तरच पुढं जायाचं?"

"हो काकू. ताईंची सही नसेल तर बाहेर जातच नाही."

"मग मोठी हीच की गं!" आई मागं टेकून बसली. "आणि ही मला आजपातुर सांगत न्हाय बघ. रेघा काढती म्हणायची नुसती."

ती खळखळून हसली. "व्हय काकू, मोठ्या ताईच." तो व्हय तिच्या तोंडात किती सहज बसला! मला तो कॉलेजात पोरं हसायची म्हणून गिळायला शिकावं लागलं होतं. त्यावरूनही मी जळले, गाडीत बसल्या बसल्या.

आईला मी दुरुस्त केलं नाही. गावी गेल्यावर तिनं सांगायचं ते सांगितलं असणार, कारण पुढच्या वेळी गेले तेव्हा दूध संस्थेच्या तपासनिसानं मला स्वतःच्या खुर्चीशेजारी खुर्ची दिली.

मी बसले तिथं, ऐटीत. किटल्या घेऊन ओळीत उभ्या बायका बघत. आणि मनात एवढंच होतं, की मला त्या ओळीत उभं राहायचं होतं. भरलेली किटली घेऊन.